खांद्यावरची ओढ

शिमग्यात पालखी खूण काढते. कोकणाबाहेरच्या वाचकाला हे जरा फोड करून सांगायला हवं. मानकऱ्यांपैकी कुणीतरी सहाणेच्या, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्याच्या, आसपास एक नारळ गुपचूप पुरून ठेवतो; कधी माळावर, कधी कुणाच्या परसात. जागा त्याला ठाऊक, फार तर आणखी एखाद्याला. मग ढोल वाजू लागतो, रूपं, म्हणजे देवांचे मुखवटे, लागलेली पालखी खांद्यावर चढते आणि खुणेच्या शोधात निघते. खांदेकरी म्हणतात, आम्ही तिला नेत नाही, ती आम्हाला नेते. ती कधी सरळ धावते, कधी एकाच जागी गरगरते, कधी बघ्यांच्या अंगावर जाते. शेवटी कुठेतरी दांडा खाली टेकतो. तिथे खणतात. नारळ निघाला की आरोळी, नाही निघाला की पुन्हा ढोल.

मी ही पालखी खांद्यावर घेतलेली आहे. ती ओढते. हे सांगताना मी कुणाचं मन राखत नाही. उलट देव मानत नाही अशी माझी गावात ख्याती आहे आणि ती बऱ्यापैकी खरी आहे. तरीही ओढ खरी. उजवीकडे जायचा माझा काही विचार नसतो आणि दांडा उजवीकडे जातो. मागच्या खांद्याला वाटतं पुढचा ओढतोय, पुढच्याला वाटतं मागचा ढकलतोय, आणि दोघेही शपथेवर सांगतील की आम्ही काहीच करत नाही.

याचं स्पष्टीकरण मला कॉलेजात असताना मिळालं. १८५३ च्या सुमाराला लंडनमध्ये मृतात्म्यांना बोलावण्याची साथ आली होती. चारचौघांनी टेबलावर हात ठेवून बसायचं. थोड्या वेळानं टेबल सरकू लागायचं, फिरू लागायचं. विजेवरच्या प्रयोगांमुळे जगभर नाव झालेल्या मायकेल फॅरडेनं त्याच्यासाठी एक साधी युक्ती केली. हाताखाली पुठ्ठ्यांची चळत ठेवली, मधेमधे मऊसर चिकट पदार्थ लावला. टेबल आपणहून सरकत असेल तर खालचा पुठ्ठा आधी हलायला हवा. हात ढकलत असतील तर वरचा. वरचाच आधी हलला. पुढे त्यानं एक काटा बसवला, हात किंचित जरी सरकला तरी तो कलायचा. बसणाऱ्यांना तो काटा दिसू लागला आणि टेबल फिरायचं थांबलं. त्यातले कुणी लबाड नव्हते. आपण ढकलतो आहोत हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

मला यात नेहमी एक गोष्ट फॅरडेच्या निष्कर्षापेक्षाही मोठी वाटत आली आहे. टेबल एकट्या कुणाच्या हातानं फिरत नव्हतं. प्रत्येकाचा जोर इतका बारीक की त्याचा त्याला पत्ता नाही, पण सगळ्यांचा मिळून एवढा, की जड लाकूड हलतं. भूत नव्हतं हे सिद्ध झालं, ठीक. पण जे होतं तेही एकेकट्या माणसात सापडण्यासारखं नव्हतं. आमच्या पालखीला काटा नाही. म्हणून स्पष्टीकरण माहीत असूनही माझ्या खांद्याची ओढ थांबत नाही, आणि दरवर्षी मला हा प्रश्न नव्यानं पडतो की मी नेमका कशाला नाही म्हणतोय.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि माझ्यापेक्षा सरळ बुद्धीचे. राजापूरजवळ उन्हाळे गावात गंगा येते. चौदा कुंडं आहेत. ती वर्ष-वर्ष कोरडी असतात आणि मग एक दिवस पाणी उसळून वाहू लागतं. साधारण तीन वर्षांनी येते आणि काही महिने राहते अशी जुनी धारणा, पण अलीकडे तिनं वेळापत्रक पार विस्कटून टाकलं आहे. वडील फळ्यावर खडकातली पोकळी काढायचे, तिच्यातून वर चढून खाली उतरणारी वाकडी नळी काढायचे, आणि पोकळी नळीच्या वाकापर्यंत भरली की सगळं पाणी एकदम कसं बाहेर येतं हे रबराची नळी आणि बादली घेऊन करून दाखवायचे. अर्धा वर्ग ओला व्हायचा. आणि गंगा आली असं कळलं की आईला, आजीला आणि आम्हा पोरांना घेऊन एसटीनं उन्हाळ्याला जायचे आणि चौदाही कुंडांवर डोक्यावर पाणी घ्यायचे. एकदा मी विचारलं, नळी आहे ना, मग आंघोळ कशाला? ते म्हणाले, “नळी आहे म्हणून पाणी थंड लागत नाही का?” हे उत्तर टाळाटाळीचं आहे असं मला तेव्हा वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

आमच्या भागातले देव मुळात फार मोठ्या तत्त्वज्ञानाचे नाहीत. रत्नागिरी शहराचा ग्रामदेव भैरी. जोगेश्वरी, नवलाई, पावणाई आणि तृणबिंदुकेश्वर यांच्या संगतीनं तो बारा वाड्यांचा कारभार बघतो. कारभार हाच शब्द बरोबर, कारण भैरी सृष्टी निर्माण करत नाही, मोक्ष देत नाही, गीता सांगत नाही. त्याला हद्द आहे. त्या हद्दीत तो शब्दाचा पक्का, हद्दीपलीकडे दुसऱ्याचा अंमल. शिमग्यात त्याची पालखी निघते तेव्हा पोलीस दल त्याला सलामी देतं, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला दिलेला मान तो. एखाद्या धर्मपंडितानं भैरीला ईश्वर या संकल्पनेत बसवायचं ठरवलं तर त्याची फार ओढाताण होईल.

अशा देवाशी बोलण्याची भाषाही कचेरीतली. गाऱ्हाणं ऐका. घालणारा मानकरी आधी देवाचं नाव, गावाचं नाव, जमलेली माणसं कोण, कशासाठी जमली, हे सगळं नोंदवल्यासारखं सांगतो. मग काय चुकलं-माकलं असेल त्याची आगाऊ माफी. मग मागणं. आणि प्रत्येक वाक्यापाठीमागून जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून सही ठोकतो. नवस तर उघडउघड करारच. मुलगा नोकरीला लागू दे, मग नारळाचं तोरण बांधीन. आधी काम, मग मोबदला. आजवर कुणी मला हा करार उलटा करताना भेटलेला नाही, की तोरण आधीच बांधून ठेवलंय, आता तुझ्या सवडीनं बघ.

कौलाचंही तसंच. पाषाणाला पाणी घालतात, आणि ओल्या दगडावर गुरव कळ्या, पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे ठरलेल्या जागी लावतो, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. प्रश्न घातला जातो आणि सगळे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बारीकसारीक रीत गावागणिक बदलते. दगड सुकतो तशी कळी सुटणारच, हे काय गुरवाला ठाऊक नाही? तो तर रोज आंघोळ घालतो त्याला. पण मला कौलात सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर ते पुढचं. नकार आला की लोक उठून घरी जात नाहीत. चर्चा होते. प्रश्न बरोबर घातला होता का? दोन गोष्टी एकात मिसळल्या का? कुणाचा मान राहून गेलाय का? आणि मग प्रश्न दुरुस्त करून पुन्हा विचारला जातो. एकदा बोललं की ब्रह्मवाक्य, असा हा देवच नव्हे. त्याचं उत्तर तपासलं जातं, त्याला संधी दिली जाते, त्याच्याशी घासाघीस होते. शंकेला इथे देवळाबाहेर चपलांजवळ थांबावं लागत नाही, ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर गुरवाच्या शेजारी बसलेली असते. नास्तिक म्हणून मला जे वेगळं वाटायला हवं होतं ते या माणसांत बसून कधी फारसं वाटलं नाही, याचं कारण बहुधा हेच. शंका त्यांनाही होती. फक्त त्यांनी तिला एक विधी देऊन ठेवला होता.

बागेतल्या राखणदाराचीही, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाचीही, तीच कथा. हापूसच्या बागायतदारानं तुडतुड्यांसाठी आणि फुलकिड्यांसाठी महागडी औषधं फवारलेली असतात, विद्यापीठाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं, आणि तरी वर्षाची राखण चुकत नाही; कुणाकडे नारळ, कुणाकडे कोंबडा. शहरी पाहुणा हसतो. पण मोहोर येणं आणि टिकणं यांच्यामध्ये किती गोष्टी माणसाच्या हाताबाहेर आहेत हे त्यानं पाहिलेलं नसतं. एक अवकाळी पाऊस, दोन ढगाळ रात्री, आणि वर्षाचा हिशेब संपला. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहून १९२५ च्या आपल्या निबंधात एक निरीक्षण नोंदवलं होतं: आतल्या शांत खाजणात मासे पकडताना तिथले लोक मंत्रतंत्र करत नाहीत, कारण तिथे मासळी हमखास मिळते, खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळं साग्रसंगीत. मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात नवीन काय? खाडीत कालवं काढणारी बाई खडकाला नारळ देत नाही. नारळी पुनवेचा नारळ दर्याला असतो. म्हणजे अज्ञानातून देव येतो हे काही तितकंसं खरं नाही. माणसाला जितकं कळतं तितकं तो स्वतः करतो आणि उरलेल्यावर नाव लिहितो. एवढं नक्की, की उरलेलं कधी शून्य होत नाही.

आता याच्या अगदी उलट टोकाचं देऊळ पाहायचं तर शहराबाहेर जायला नको. पतितपावन मंदिर १९३१ साली खुलं झालं. १९२४ मध्ये राजकारण करायचं नाही आणि जिल्हा सोडायचा नाही या अटींवर सावरकरांना रत्नागिरीत आणून ठेवलेलं होतं. ते इथे १९३७ पर्यंत राहिले. अस्पृश्यतेच्या विरोधात सहभोजनं, शाळेत मुलांना एकत्र बसवणं, आणि सगळ्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे देऊळ. पैसा घातला भागोजीशेठ कीर यांनी. रत्नागिरीत जन्मलेला हा भंडारी समाजातला माणूस मुंबईत कंत्राटदार म्हणून मोठा झाला. दादरच्या स्मशानभूमीला त्यांचं नाव आहे, आणि इथल्या किल्ल्यावरचं भागेश्वराचं देऊळही त्यांचंच. भागोजीशेठ मनापासून श्रद्धाळू. सावरकर त्याच काळात गायीला उपयुक्त पशू म्हणणारे, पोथीपेक्षा विज्ञान माना असं ठणकावणारे निबंध लिहीत होते. देवळाची कल्पना देवावर फारसा भरवसा नसलेल्या माणसाची आणि पैसा देवावर पूर्ण भरवसा असलेल्या माणसाचा. दोघांच्या मनात ‘देव’ म्हणजे एकच काही असेल असं मला वाटत नाही. पण पायरी कुणाला चढता यावी यावर दोघांचं एकमत झालं आणि बांधकाम झालं.

लहानपणी मी त्या देवळात पुष्कळदा गेलो आहे आणि मला तिथे कधीही भीती वाटलेली नाही. भैरीच्या देवळात वाटायची. आता कळतं की पतितपावनातला लक्ष्मीनारायण हा कुठल्या वाडीचा देव नव्हे. त्याला शीव नाही, राखण नाही, त्याच्या पालखीच्या पुढच्या खांद्यावरून भाऊबंदकी नाही. ते देऊळ एका विचाराचं आहे आणि विचाराला घाबरायचं काय? त्या विचाराचा मोठेपणा मी मान्य करतो. त्याची कड कुठे संपते तेही दिसतं. ‘सगळ्या हिंदूंना’ असं म्हटलं की रत्नागिरीतले सगळे त्यात येत नाहीत, आणि इथल्या साध्यासुध्या लोकांनी ही रेघ कधी इतकी जाड काढली नव्हती. शहरापासून जवळच हातीसला पीर बाबरशेख यांचा उरूस भरतो. त्यात हिंदू गावकरी मानानं राबतात, जबाबदारीनं सगळं पार पाडतात, आणि आपण काही सर्वधर्मसमभाव वगैरे करतोय असं त्यांच्या गावीही नसतं. पीर हद्दीतला आहे, त्याचं देणं दिलं पाहिजे. इतकंच.

हा जिल्हा देवाशी भांडणाऱ्यांनी भरलेला आहे असं कधीकधी वाटतं. दापोलीजवळच्या मुरुडात दुर्गादेवीचं सुरेख लाकडी कामाचं देऊळ आहे. त्याच मुरुडात १८८२ साली जन्मलेले र. धों. कर्वे पुढे ‘समाजस्वास्थ्य’ काढून १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, देव, धर्म आणि सोवळी नीती या तिन्हींची बिनदिक्कत उलटतपासणी करत राहिले. मासिक तोट्यात, वर खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते डॉ. आंबेडकर, त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. तिथून जवळच्याच पालगडचे साने गुरुजी. देवभोळे म्हणावेत इतके श्रद्धाळू. पण मे १९४७ मध्ये विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात त्यांनी उपास करून प्राण पणाला लावले. उपास विठ्ठलावर श्रद्धा असलेल्या माणसाचा आणि तो विठ्ठलाच्या राखणदारांविरुद्ध.

कर्व्यांची शंका मला पटते पण तिच्याजवळ बसवत नाही. फार कोरडी हवा आहे तिथे. गुरुजींची श्रद्धा जवळची वाटते पण पटत नाही. आंबेडकरांनी १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्ये जुने देव एकेक नाव घेऊन नाकारले, आणि ते नाकारणं मला सगळ्यात जड वाटतं. कारण कर्वे ज्या देवळातून बाहेर पडले त्यात त्यांना जागा होती. ज्याला कधी आतच घेतलं नाही त्याला ‘मी देव मानत नाही’ असं म्हणण्याची चैन कुठली? त्यानं देव नाकारला तर तो केवळ मतभेद राहत नाही, तो हिशेब असतो. गावच्या शिमग्याविषयी मी हळवा होऊन बोलतो तेव्हा समोर बसलेल्या बौद्धवाडीतल्या मित्राचा चेहरा पाहून मध्येच थांबतो. त्याच्या आजोबांना ढोल वाजवायचा मान होता. खांदा लावायचा नव्हता.

तेव्हा चारचौघांच्या खांद्यावरची ती ओढ, जिच्याविषयी मी सुरुवातीला इतक्या कौतुकानं बोललो, ती नेहमी नारळाकडेच नेते असं नाही. गावकीच्या बैठकीत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकायचं ठरतं तेव्हाही विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, मी काही ढकललं नाही, गावानं ठरवलं. देवाचं नाव असतं, मानपानाचं निमित्त असतं, आणि त्या घरी कुणी मयतीलाही जात नाही. रायगड-रत्नागिरीतून अशा तक्रारी इतक्या येत राहिल्या, की शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराच्या विरोधात कायदा करावा लागला. देशात असा स्वतंत्र कायदा करणारं आपलं पहिलं राज्य. अभिमान वाटावा की लाज, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला दोन्ही वाटतं. फॅरडेचा काटा टेबलाला लावला तसा तो गावकीच्या बैठकीला लावता आला असता तर कुणाचा हात आधी हलला हे दिसलं असतं. पालखीला काटा नसला तरी चालेल. तिथे मात्र हवाच.

मग देवाचा अर्थ काय लावायचा? मला विचाराल तर देव ही एक जागा आहे. तिथे माणसं एकत्र येऊन असं काहीतरी करतात जे त्यांच्यातल्या कुणा एकाच्या हिशेबात बसत नाही, आणि त्या करण्याला एक नाव देतात. तो कुठे आकाशात आहे असं मला वाटत नाही. तो खोटा आहे असंही वाटत नाही, कारण गावाची बाजारपेठ खोटी नसते, भाषा खोटी नसते, आणि त्याही कुणा एकाच्या खिशात नसतात. गणपतीपुळ्याला जा. तिथला गणपती स्वयंभू. प्रदक्षिणा घालायची ती मूर्तीला नव्हे, सबंध डोंगराला, किलोमीटरभर चालून. इथे कुणीतरी कधीतरी ठरवलं की या डोंगराशी आपण नमून वागायचं. त्या ठरवण्यानं डोंगर शाबूत राहिला. श्रद्धेची मला परवडणारी व्याख्या एवढीच आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी बसलं तर वेगळंच जाणवतं, हे कबूल. तिथे मागणं नाही, करार नाही, श्वासाबरोबर चाललेलं सोऽहं. १९७४ साली स्वामी गेले. ते देवाला बाहेर शोधूच नका म्हणणाऱ्या नाथपंथी वाटेचे. त्या वाटेनं गेलेल्या माणसाशी वाद घालायला माझ्याकडे काही नाही, कारण तो कशाचाच दावा करत नाही.

माझा वाद आहे तो अलीकडे गावात आलेल्या एका नव्याच गोष्टीशी. तिला श्रद्धा म्हणतात, पण मी लहानपणी पाहिली ती ही नव्हे. हिला शंका नाही. कौल लावायला हिच्याकडे वेळ नाही. ही मुंबईहून गाडी घेऊन येते, देणगीचा आकडा सांगते आणि जीर्णोद्धार करते.

आमच्या देवळाभोवती देवरहाटी आहे. जुने ऐन, किंजळ, एक बेहडा, मांडीएवढ्या जाड वेलीची गारंबी, आणि आत शिरलं की मे महिन्यातही ओलसर गार. तिथली काटकी घरी न्यायची नाही हा नियम. पडलेलं झाड तिथेच कुजणार. कारण विचारलं तर देवाचं आहे, बस्स. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या अशा राया हिंडून त्यांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. आजूबाजूचं रान संपलं तरी मूळच्या जंगलाचे नमुने या तुकड्यांत टिकून राहिले होते, आणि टिकवून ठेवलं होतं ते भीतीनं. माझ्या वडिलांना ही भीती हास्यास्पद वाटायची आणि तरी देवरहाटीतली काटकी त्यांनीही कधी उचलली नाही. जी झाडं विज्ञान शिकलेल्या मास्तरानं तोडली नाहीत, ती आता देवाच्याच नावानं तुटतात. दगडी जोत्यावरचं कौलारू देऊळ पाडायचं, स्लॅब टाकायचा, गुळगुळीत फरशी, रंगीत कळस, गाड्या लावायला जागा. जागेसाठी झाडं. खर्चासाठीही झाडं. कोकणात एकामागून एक गावांत हे घडताना मी पाहिलं आहे. देवाला सगळ्यात मोठा धोका माझ्यासारख्या न मानणाऱ्यांकडून असेल असं पूर्वी वाटायचं. आम्ही बापडे लेख लिहितो.

गेल्या मे महिन्यात आमच्याही गावची सभा झाली. चाकरमान्यांच्या मंडळानं नकाशा करून आणला होता, झकास रंगीत. त्यात देवरहाटीच्या जागी हिरवळ दाखवलेली होती आणि तिच्यावर एक बाक. मी विचारलं, ऐन कुठे गेले? नकाशावाल्या तरुणानं फार अदबीनं उत्तर दिलं, “काका, झाडं नवीन लावणारच आहोत आपण. शोभेची.” मग जरा थांबून, तितक्याच अदबीनं, “पण तुम्ही तर मानत नाही ना? मग तुम्हाला त्रास काय?” सभेत हशा पिकला. प्रश्न चोख होता. मी सांगितलं, मी मानत नाही, पण तुम्ही मानता. आणि तुमच्या देवाचं घर तो ऐन आहे की हा स्लॅब, हे त्याला न विचारता तुम्ही परस्पर ठरवलंत. गुरवानं मान वर केली पण बोलला काही नाही. पाटील म्हणाले, दुपार झाली, जेवणं थांबलीत. विषय पुढच्या सभेवर गेला.

निघताना खजिनदार पावतीपुस्तक घेऊन आडवा आला. जीर्णोद्धाराची वर्गणी, प्रत्येक घरामागे. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पाचशे एक रुपये दिले. नाव लिहून झाल्यावर तो म्हणाला, “कशासाठी म्हणून लिहू? बांधकाम, कळस, की मूर्ती?”

“छपराच्या दुरुस्तीला लिही,” मी म्हटलं. “मागल्या पावसात फुटलीत तेवढी कौलं बदला.”

तसा रकाना पुस्तकात नव्हता. त्यानं तो हातानं आखला.